त्या पेटीतले सोने कोणाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरच्या वक्त्यांना बोलावतो. त्यांना शाल-श्रीफळ देतो, त्यांचे ऐकतो आणि चहा-चिवडा घेऊन घरी जातो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि पाळी माझ्यावर आली. मी विदुषी नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा काही चुकलेमाकले तर पदरात घ्यावे, एवढी विनंती आधीच करून ठेवते.

विषय कसा सुचला ते सांगते. गेल्या गणेशोत्सवात आपण मुलांच्या वेषभूषेची स्पर्धा ठेवली होती. त्यात एक चिमुरडा समुद्रावरचा चाचा झाला होता. एका डोळ्यावर काळी पट्टी, कमरेला पुठ्ठ्याची तलवार आणि काखेत खोक्याची पेटी. पेटीत चॉकलेटचे सोनेरी कागद भरले होते. टाळ्या फार पडल्या आणि बक्षीसही त्यालाच मिळाले. माझ्या शेजारी एक वृद्ध आजी बसल्या होत्या. त्या हसत हसत म्हणाल्या, "पोर मोठं गोड दिसतंय गं. पण त्या पेटीतलं सोनं कोणाचं?"

मला उत्तर देता आले नाही. चाच्यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो, सिनेमात पाहतो. पेटी कोणाची, हे मात्र कोणी विचारत नाही. मी वाचनालयातल्या बाईंना विचारले. त्यांनी पुस्तके काढून दिली. मराठीतली मी वाचली, इंग्रजीतली माझ्या लेकीने रात्री जेवणे झाल्यावर वाचून समजावली. तेव्हा कळले की जगातल्या सर्वांत नावाजलेल्या चाच्यांपैकी काहींच्या पेटीतले सोने आपल्याकडचेच होते. सुरतेच्या व्यापाऱ्यांचे, हाजला जाऊन आलेल्या यात्रेकरूंचे, आणि एका जहाजाची तर मालकीणही बाईच होती. आज त्या जहाजांची हकीकत सांगते.

हा काळ सतराव्या शतकाचा. शिवछत्रपतींच्या जन्माआधी काही वर्षे सुरू होऊन राजाराम महाराजांपर्यंत येणारा. तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे सर्वांत मोठे बंदर सुरत. तापीच्या काठी गाव वसलेले, आणि मोठी जहाजे बाहेर सुवाळीच्या धक्क्यापाशी नांगरून पडलेली. तिथून तांबड्या समुद्रात मोखा आणि जेद्दा या बंदरांकडे जहाजे जात. जाताना गुजरातचे सुती कापड, नीळ, मसाल्याचे जिन्नस नेत. येताना माल विकून आलेले रुपे आणि सोने आणत. मक्केच्या यात्रेला जाणारे लोकही याच जहाजांतून जात. होळीच्या आगेमागे वारा धरून निघायचे आणि पावसाळा सरता सरता, भाद्रपद-आश्विनात परतायचे. वर्षातून एकच खेप. ती साधली तर वर्ष साधले, नाहीतर गेले.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जहाज एकाचे असे, पण माल अनेकांचा असे. मालक भाडे घेऊन दुसऱ्यांच्या गाठी चढवून घ्यायचा. नाखवा आणि खलाशीही आपापली थोडी थोडी पुंजी बरोबर घेत. एखाद्या विणकराकडून उधारीवर कापड घेतलेले असायचे, एखाद्या रंगाऱ्याचे पैसे जहाज परत आल्यावर द्यायचे ठरलेले असायचे. शिवाय सावकार लोक जोखमी हुंडी लिहीत. तिची रीत अशी की माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे. माल वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. जोखीम सावकाराच्या डोक्यावर, म्हणून तिला जोखमी म्हणायचे आणि तिचा दरही चढा असायचा. थोडक्यात, एका जहाजाच्या शिडात शेकडो घरांचा वारा भरलेला असायचा. पुस्तकात एकाच मालकाचे नाव येते, पण जहाज गेले की ज्या घरांत चूल विझायची ती घरे पुष्कळ असत.

समुद्रावर तेव्हा हुकूम कोणाचा? जमिनीवर मोगल बादशहा बलाढ्य, पण पाण्यावर तोफांची जहाजे पोर्तुगिजांची. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला आणि १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. त्यांनी असा दंडक घातला की या समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक व्यापारी जहाजाने आमच्याकडून परवाना घ्यावा. त्याला ते कार्ताझ म्हणत. त्यात जहाजाचे नाव, त्याचा आकार, नाखव्याचे नाव, माल काय, जायचे कुठे, हे सारे लिहिलेले असे. परवान्याची फी फार नव्हती. खरी मेख निराळीच होती. परवाना घेणाऱ्याला पोर्तुगिजांच्या बंदरात थांबून जकात भरावी लागे. परवाना नसेल तर जहाज मालासकट जप्त.

आपल्याच दारापुढच्या अंगणात फिरायला परक्याची चिठ्ठी घ्यायची, असला हा प्रकार. पण तोफा त्यांच्या, त्यामुळे लोक मुकाट्याने चिठ्ठी घेत. अकबराच्या दरबारातल्या बदायुनी नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, की त्या परवान्यावर मेरी आणि येशू यांची चित्रे असत, म्हणून तसला कागद घेऊन मक्केला जावे की नाही, असा प्रश्न तिकडच्या धर्मशास्त्र्यांना पडला होता. पण चिठ्ठी घेतली की निदान जीव आणि माल सुखरूप राहील, अशी लोकांची समजूत होती.

ती समजूत कशी खोटी ठरली, ते पहिल्या जहाजाच्या हकीकतीत दिसते.

या जहाजाचे नाव रहीमी. मालकीण मरियम-उझ-झमानी, म्हणजे जहांगीर बादशहाची आई. ही मूळची आमेरच्या राजा भारमलाची कन्या, रजपूत. अकबराशी तिचे लग्न झाले आणि जहांगीर झाल्यावर तिला हा किताब मिळाला. त्याचा अर्थ 'आपल्या काळची मेरी'. लोक तिला जोधाबाई म्हणतात, पण त्या काळच्या कागदांत हे नाव सापडत नाही. या बाई पडद्यात राहूनही स्वतःचा व्यापार करीत. त्यांचे अडत्ये नीळ खरीदत, त्यांचे जहाज तांबड्या समुद्रात जाई. आणि जहाज तरी केवढे! इंग्रजांनी त्याचे माप घेऊन ठेवले आहे: लांबी दीडशे फुटांवर, रुंदी चाळीस फुटांवर. त्या मार्गावरच्या मोठ्यात मोठ्या जहाजांत त्याची गणना होती. हिंदू घरात जन्मलेली बाई मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन जाणारे जहाज चालवते, हे वाचून मला फार नवल वाटले. राजघराण्यातल्या आणखी बायकांचीही जहाजे असत. शहाजहानची मुलगी जहाँआरा हिच्या जहाजाचे नाव साहिबी होते.

तर १६१३ च्या सप्टेंबरात रहीमी परत येऊन सुरतेजवळ पोचले होते. घर दिसू लागले होते म्हणा ना! तेवढ्यात पोर्तुगिजांनी ते धरले. जहाजावर सहा-सातशे माणसे होती. त्यांना मालासकट गोव्याला नेले. माल सुमारे एक लाख पौंडांचा होता, असे त्या वेळच्या इंग्रजांनी लिहिले आहे. जहाजाजवळ पोर्तुगिजांचाच परवाना होता. मेरीच्या चित्राचा कागद, मेरीच्या नावाची मालकीण, तरी जहाज धरले. कारण काय? तर बादशहा सुरतेत इंग्रजांना पाय ठेवू देत होता, त्याचा पोर्तुगिजांना राग. भांडण बादशहाशी, आणि धरली ती यात्रेकरूंनी भरलेली नौका.

पण जहाज बादशहाच्या आईचे होते. जहांगीरने सुरतेची वाहतूक बंद केली, दमणला वेढा घालायला फौज पाठवली, आग्र्याचे पोर्तुगीज पाद्र्यांचे देऊळ बंद करवले, पाद्र्यांचे तनखे थांबवले. शेवटी १६१५ मध्ये तह झाला. इतके सगळे झाले, कारण मालकिणीचा मुलगा बादशहा होता. जहाजावरच्या साध्या व्यापाऱ्याच्या गाठी गेल्या असत्या आणि जहाजही साध्याच माणसाचे असते, तर कोणी फौज पाठवली असती? यापुढच्या हकीकतीतही हा प्रश्न मनात ठेवा.

दुसरे जहाज गंज-इ-सवाई. हे खुद्द औरंगजेब बादशहाचे. रहीमीनंतर ऐंशी वर्षांनी, १६९५ च्या सप्टेंबरात, मोखा-जेद्दाकडून सुरतेला परतत होते. खाफीखान नावाच्या इतिहासकाराने त्याची हकीकत फारसीत लिहून ठेवली आहे. तो म्हणतो की जहाजावर ऐंशी तोफा आणि चारशे बंदुका होत्या, आणि तिकडे माल विकून आलेले बावन्न लाख रुपयांचे सोने-रुपे होते. बरोबर सुरतेचा धनाढ्य व्यापारी मुल्ला अब्दुल गफूर याचेही एक जहाज होते, फतेह महंमद. हा गफूर म्हणजे केवढा व्यापारी! एका इंग्रज कप्तानाने लिहिले आहे की त्याने एका वर्षात वीसहून अधिक जहाजे बाहेर पाठवलेली आपण पाहिली.

वाटेत हेन्री एव्हरी नावाचा इंग्रज चाचा टपून बसला होता. त्याचे जहाज 'फॅन्सी'. तेही मूळ त्याचे नव्हे, मालकांविरुद्ध बंड करून पळवलेले. आणखी काही चाचे त्याला मिळाले होते. त्यांनी आधी फतेह महंमद लुटले. मग गंज-इ-सवाई गाठले. सुरत आता आठ-नऊ दिवसांवर होती. पहिल्याच मारामारीत बादशाही जहाजावरची एक तोफ फुटली आणि आपलीच माणसे मेली. चाच्यांच्या गोळ्याने मुख्य डोलकाठीला इजा झाली. खाफीखान लिहितो की जहाजाचा कप्तान इब्राहीमखान खाली पळाला, आणि मोख्याला विकत घेतलेल्या तुर्की मुलींच्या डोक्यांवर पागोटी घालून त्यांनाच लढायला वर पाठवू लागला. पुरुष तळघरात आणि विकत घेतलेल्या मुली तोफेच्या तोंडी! हे वाचताना माझ्या लेकीचा आवाज थांबला आणि मीही काही बोलले नाही.

पुढे काय झाले ते आयाबायांपुढे फार फोड करून सांगायला नको. चाच्यांनी कित्येक दिवस ते जहाज लुटले. खाफीखान लिहितो, की काही अब्रूदार बायकांनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी कट्यारीने जीव दिला. विलायतेत मात्र पुढे याची रंगीत कहाणी झाली. त्या जहाजावर बादशहाची राजकन्या होती, चाच्याने तिच्याशी लग्न केले आणि तो कुठल्याशा बेटावर राजा झाला, असल्या गोष्टी छापल्या गेल्या, त्यावर नाटके झाली. खाफीखानाच्या हकीकतीत अशी राजकन्या नाही. ज्या खऱ्या बायका होत्या, त्यांचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आणि जी नव्हती, ती राजकन्या मात्र गाजली.

लुटलेले जहाज रडत-कढत सुरतेला आले तेव्हा गावात हलकल्लोळ झाला. लुटारू इंग्रज, म्हणून लोक इंग्रजांच्या वखारीवर धावले. सुभेदाराने वखारीवर पहारा बसवला. पुढे वखारीचा मुख्य सॅम्युएल अ‍ॅन्स्ली आणि त्याचे लोक यांच्या पायांत बेड्या पडल्या. ते कित्येक महिने कैदेत होते. औरंगजेब तेव्हा कुठे होता म्हणाल? तर आपल्याच महाराष्ट्रात, भीमेकाठी मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीच्या छावणीत, मराठ्यांशी लढत. रायगड १६८९ पासून मोगलांकडे गेला होता. हा खाफीखानही त्या काळात रायगडच्या मोगल फौजदारासाठी खरेदी केलेला माल घेऊन सुरतेहून निघाला होता, आणि वाटेत मुंबईच्या इंग्रजांना भेटला. त्या भेटीत या जहाजाचा विषय निघाला, आणि इंग्रज 'आमच्यावर नाहक आळ आला' म्हणून रडगाणे गाऊ लागला, असे त्याने लिहिले आहे.

शेवटी इंग्रजांनी यात्रेकरूंच्या जहाजांबरोबर आपली संरक्षक जहाजे द्यायचे कबूल केले आणि १६९६ मध्ये कैदी सुटले. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही. त्याचे काही साथीदार विलायतेत पकडले गेले. त्यांचा खटला लंडनला १६९६ च्या ऑक्टोबरात चालला. आता नीट ऐका. पहिला आरोप होता गंज-इ-सवाई लुटल्याचा. पंचांनी निकाल दिला: निर्दोष! सरकारची पंचाईत झाली, कारण बादशहाला काय तोंड दाखवायचे? मग दुसरा आरोप ठेवला, एव्हरीच्या टोळीने बंड करून जे इंग्रजी जहाज पळवले होते, त्याच्या चोरीचा. त्यावर मात्र दोषी ठरले आणि नोव्हेंबरात पाच जणांना फाशी झाली.

म्हणजे पाहा, फाशी झाली खरी. पण आपल्या माणसांना लुटले म्हणून नव्हे, इंग्रज मालकाचे जहाज चोरले म्हणून. त्या बायकांविषयी तर आरोपच नव्हता.

तिसरी हकीकत थोडक्यात सांगते. १६९८ च्या जानेवारीत कोचीनच्या बाजूला 'केदाह मर्चंट' नावाचे जहाज बंगालहून सुरतेकडे येत होते. ते भाड्याने घेतले होते आर्मेनियन व्यापाऱ्यांनी. हे लोक मूळचे इराणात इस्फहानजवळच्या जुल्फा वसाहतीतले, आणि सुरतेत व्यापार करणारे. जहाजात रेशीम, मलमल, साखर, सोरा, लोखंड असा माल होता. त्यांनी शहाणपणा करून फ्रेंचांचा परवाना घेतला होता. तेव्हा समुद्रावर पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच असे पुष्कळ मालक झाले होते. ज्याचे निशाण दिसेल त्याचा परवाना दाखवायचा, अशी व्यापाऱ्यांची युक्ती. समोरून कॅप्टन किड आला. हा इंग्रज राजाच्या सनदेने चाच्यांना पकडायला निघालेला! त्याने फ्रेंचांचे निशाण लावले. व्यापाऱ्यांनी बिचाऱ्यांनी फ्रेंच परवाना पुढे केला. किड म्हणाला, फ्रान्सशी आमचे युद्ध आहे, तेव्हा हे जहाज आमचे झाले. रहीमीचा परवाना तिला वाचवू शकला नाही, आणि केदाह मर्चंटला तर तिच्याच परवान्याने बुडवले.

किडला पुढे १७०१ च्या मे महिन्यात लंडनला फाशी झाली. ज्या फ्रेंच परवान्यांवर त्याची सारी भिस्त होती, ते खटल्याच्या वेळी सापडले नाहीत. विसाव्या शतकात ते लंडनच्या सरकारी दप्तरातच निघाले. ज्या व्यापाऱ्यांनी जहाज भाड्याने घेतले होते, त्यांच्यातला एक, खोजा बाबा नावाचा, आपले धन परत मिळावे म्हणून थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत अर्ज घेऊन गेला. त्या काळात एवढा प्रवास! आणि किडजवळ सापडलेले धन कुठे गेले? सुमारे ६,४७१ पौंडांची ती रक्कम राणीने १७०५ मध्ये लंडनजवळच्या ग्रीनिच येथील खलाशांच्या इस्पितळाला दान दिली. म्हाताऱ्या खलाशांची सोय झाली, त्यात वाईट काही नाही. पण दान कोणाच्या पैशाने? गणेशोत्सवात त्या आजींनी विचारलेला प्रश्न इथे मला पुन्हा आठवला.

किडने ते जहाज पुढे अमेरिकेकडच्या बेटांत सोडून दिले आणि तिथे ते जळाले. त्याचे अवशेष २००७ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाजवळ, कॅटालिना बेटाच्या किनाऱ्याला, समुद्राच्या तळाशी सापडले. लाकूड आपल्याकडच्या सागवानाचे निघाले.

या साऱ्या लुटालुटीनंतर औरंगजेबाने इंग्रज, डच आणि फ्रेंच या तिघांकडून मुचलके लिहून घेतले. तांबड्या समुद्राची राखण डचांनी करावी, दक्षिणेकडच्या समुद्राची इंग्रजांनी, आणि इराणच्या आखाताची फ्रेंचांनी. म्हणजे आपली जहाजे राखायला पुन्हा परकेच. बादशहाजवळ हत्ती, घोडे, तोफखाना, लाखाची फौज, पण समुद्रावर लढणारे स्वतःचे असे आरमार जवळजवळ नाही. ही गोष्ट शिवछत्रपतींनी किती आधी ओळखली होती, ते यावरून ध्यानात येते. सिंधुदुर्ग, गुराबा आणि गलबते हे सारे त्यांनी उगाच उभारले नव्हते. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपला दस्तक घेतल्याशिवाय आपल्या समुद्रातून जाऊ देणार नाही, असा बाणा धरला, तेव्हा इंग्रजांनी त्यांनाच चाचा ठरवले. ज्यांनी स्वतः दुसऱ्यांच्या गळ्यात परवाने बांधले, त्यांना आंग्र्यांचा परवाना बोचला! मला कान्होजींचा अभिमान आहे. तरीही एक गोष्ट खरी, ती लपवून चालणार नाही. परवाना कोणाचाही असो, आणि जहाज कोणीही धरो, ज्याच्या गाठी त्यात असत त्या व्यापाऱ्याच्या घरी रडणे सारखेच. ही गोष्ट आपण आपल्या बाजूच्या माणसांबद्दल बोलतानाही विसरू नये.

भगिनींनो, हे तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचे सारे तुम्हांला का सांगितले? माझ्या मनाला एक गोष्ट लागली आहे, म्हणून.

काही वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या पुष्कळ बायकांनी एके ठिकाणी थोडे थोडे पैसे ठेवले होते. नाव घेत नाही. शिवणकामाचे, पापड-लोणच्याचे, घरखर्चातून वाचवलेले असे ते पैसे होते. मीही दोन बांगड्या मोडून ठेवले होते. छापील पावती मिळाली होती, तिच्यावर गोल शिक्का होता. एके दिवशी दाराला कुलूप. ज्यांची मोठी रक्कम होती आणि मोठी ओळख होती, त्यांनी धावाधाव करून काही सोडवून घेतले. आमच्यासारख्यांची पावती तेवढी राहिली. ती अजून माझ्या ट्रंकेत आहे. रहीमीच्या परवान्याची गोष्ट वाचली त्या रात्री मी ती काढून पाहिली. शिक्का अजून छान ठळक आहे.

तेव्हा मला उमगले ते एवढेच. कागदाची किंमत त्याच्या शिक्क्यावर नसते, त्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या इमानावर असते. ते इमान नसेल तर निदान त्याला जाब विचारणारे कोणी हवे. रहीमीसाठी बादशहा उभा राहिला. गंज-इ-सवाईसाठी बादशहा उभा राहिला. खोजा बाबा एकटा गेला आणि एकटा पडला. आम्हीही त्या वेळी एकेकट्याच गेलो, एकेकटीने दार वाजवले आणि एकेकटीने घरी येऊन रडलो. आपले मंडळ तेव्हाही होते. पण लाज वाटली, म्हणून मंडळात कोणी तोंड उघडले नाही. ती आमची चूक. फसवणाऱ्याला लाज नाही आणि फसलेलीने तोंड लपवावे, हा कुठला न्याय?

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवते. पहिली, कुठेही पैसे ठेवण्याआधी मंडळात विचारावे. चार जणींनी चार ठिकाणी चौकशी केली तर खरेखोटे कळते. दुसरी, बुडाले तरी मंडळात सांगावे आणि सगळ्यांच्या रकमा एका वहीत लिहाव्या; मोठी रक्कम वर आणि छोटी खाली, असे न करता. सुरतेच्या त्या जहाजांत लहान पुंजीच्या माणसांची किती नावे होती, ती आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांची वही कोणी केली नाही.

शेवटी त्या गोड चिमुरड्याविषयी. त्याला मी मुळीच रागावलेली नाही. येत्या गणेशोत्सवात त्याने पुन्हा खुशाल चाचा व्हावे. मात्र त्याच्या शेजारी आपल्यातल्या एखाद्या मुलीला मरियम-उझ-झमानी करून उभी करू या. डोक्यावर ओढणी, हातात हिशेबाची वही, आणि मागे पुठ्ठ्याचे रहीमी जहाज. ते जहाज करायला मी येईन. कागद चिकटवायला सातवी पुरते. पेटीवर ठळक अक्षरांत मालकिणीचे नाव लिहू, आणि खाली ज्यांच्या ज्यांच्या गाठी त्या जहाजात होत्या, त्या सगळ्यांसाठी एक ओळ मोकळी सोडू. मग त्या आजींना पुढच्या रांगेत बसवू. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना पेटीवरच वाचता येईल.